दोन घड्याळांमधला तास

आमच्या कचेरीत मला वेळेचा पक्का समजतात. नवीन लागलेली मुलं कधी कधी विचारतात, कचेरी, शेत, घर, पोरांचा अभ्यास, हे सगळं तुम्ही एका दिवसात बसवता तरी कसं? पहाटे उठावं, उद्याची तयारी आजच करून ठेवावी, असलं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेतो. त्यात खोटं काही नाही. पण ही शिस्त मला कुठून लागली ते सांगायचं झालं, तर त्या मुलांसमोर मान खाली घालावी लागेल. म्हणून तोंडाने सांगत नाही, इथे लिहितो.

लढाईच्या दिवसांत सरकारने सगळी घड्याळं एक तास पुढे केली होती, हे लोक आता विसरत चालले आहेत. पावसाळा सरत आला होता. हुकूम आला, आणि रेल्वे, टपाल, कचेऱ्या असं सगळं नव्या टायमाने चालायला लागलं. उजेडात जास्त काम व्हावं आणि दिवाबत्ती वाचावी म्हणून हे केलंय, असं आमचे साहेब म्हणाले. गावं मात्र जुन्या टायमावरच राहिली. म्हशीची धार, गुरांचं चरणं, पाणवठा, हे सगळं ऊन बघून चालायचं, आणि उन्हाला कुणाचा हुकूम गेलेला नव्हता. आमची पोरं जात त्या कार्ल्याच्या शाळेचे गुरुजी सरकारी नोकर, पण तेही घंटा जुन्याच टायमाने देत. नव्याने दिली असती तर वर्गात एकटेच बसले असते.

त्या काळात कुणी वेळ सांगितली की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असे, "जुना का नवा?" आमच्या शेजारच्या घरी लग्न होतं. मुंबईचं वऱ्हाड नव्या टायमाने येऊन मांडवात बसलं, तेव्हा नवरीकडची माणसं जुन्या टायमाने आंघोळी करत होती. रिकाम्या मांडवात वऱ्हाडी तासभर एकमेकांची तोंडं बघत राहिले. शेवटी नवऱ्याच्या मामाने जरा आवाज चढवून विचारलं, हा काय प्रकार. नवरीचा आजा पंचाने अंग पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "आमाला उशीर न्हाई झाला, पाव्हनं. तुमी लवकर जल्मलाय." पुढे कितीतरी दिवस गावात कुणी घाईला आला की त्याला हेच ऐकवत.

लोक त्या दोन टायमांपायी घोटाळ्यात पडत होते. मी मात्र त्यातून स्वतःची सोय करून घेतली.

मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्याच्या कचेरीत कारकून. घर वाकसईला. पुणे रस्त्याने सायकलवर येणं-जाणं. कचेरी साडेदहाला भरायची आणि साडेपाचला सुटायची, लढाईआधी तशीच आणि नंतरही तशीच. फरक एवढाच, की आता हे नवे साडेदहा आणि नवे साडेपाच होते. आमच्या घरात भिंतीवर एक टोले देणारं घड्याळ आहे. ते जुन्या टायमावर होतं. त्या घड्याळात बघितलं, तर मला सकाळी पूर्वीपेक्षा एक तास आधी निघावं लागत होतं, आणि संध्याकाळी मी एक तास आधी सुटत होतो.

यातली पहिली गोष्ट मी घरी सांगितली. दुसरी सांगितली नाही.

ठरवून लपवली असं मला अजूनही म्हणवत नाही, पण तसं म्हणायला हवं. पहिल्या दिवशी सुटलो तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. बाजारपेठेच्या टोकाला माझ्या ओळखीच्या एका मुसलमान दुकानदाराचं सायकलचं दुकान होतं. मी त्याला भाई म्हणे आणि तो मला भाऊसाहेब. हवापाण्यासाठी येणाऱ्या मुंबईकरांना तो तासाच्या भाड्याने सायकली देई. चाकात हवा भरायला म्हणून थांबलो आणि त्याच्या बाकावर बसलो. बोलता बोलता ऊन कललं. घरी पोचलो तो रोजच्या वेळेला, भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजत होते. बायको म्हणाली, "दमला असाल. आता तासभर आदी बोलवाया लागलं सरकार." मी म्हणालो, "लढाई आहे." एवढ्यावर ते झालं. त्यानंतर रोज त्याच एका वाक्यावर भागलं.

तो तास कशात गेला हे कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मला दारूचा नाद नव्हता, पत्ते येत नव्हते. भाई पंक्चर काढत असे आणि मी बाकावर बसून रस्ता बघत असे. लष्कराच्या गाड्यांची रांग लागली की धुळीने सगळं दिसेनासं होई. शेजारच्या दुकानातून कधी गुडदाणी आणायची, दोघांनी तोडून खायची. नवा टायर मिळणं कसं मुश्कील झालंय, बंगलेवाले कसे भाड्याची सायकल वाकवून आणतात, अशा गप्पा. दिवसभर कुणी ना कुणी मला हाका मारत असे. इथे कुणी हाक मारत नसे. हे सुख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण सकाळी मी तासभर आधी निघायचं म्हणजे ती तासभर आधी उठायची. पाणी, धार, चूल, भाकरी, सगळं तासाने अलीकडे आलं. संध्याकाळी तिचं काही तासाने लवकर संपत नव्हतं, ते जुन्या टायमानेच संपायचं. म्हणजे मी बाकावर जो तास घालवत होतो तो तिच्या झोपेतून कापलेला होता. हे इतकं सोपं गणित, आणि आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या माणसाने ते वर्षभराहून जास्त काळ मांडलं नाही. उलट तिला माझी कीव येई. दुधावरची साय ती माझ्या ताटात वाढायला लागली. माहेरची माणसं आली की सांगे, सरकार त्यांना जरा म्हणून येळ देत न्हाई. मी खाली मान घालून जेवत असे आणि ते लोक मला कष्टाळू समजत.

आता खरी गोष्ट सांगायची ती मुलीची.

आमची थोरली त्या वर्षी सातवीत होती. सातवीची फायनल परीक्षा पास झाली तर ट्रेनिंगला जाता येत होतं, आणि मग मास्तरीण. आमच्या गावात तोवर कुठली मुलगी तिथवर गेलेली नव्हती. गुरुजींचा तिच्यावर जीव होता. बाकी सगळ्यात ती चांगली होती, पण गणितात एका जागी अडली होती. काळ, काम आणि वेग. इतकी माणसं इतक्या दिवसांत इतकं काम करतात, तर तितकी माणसं किती दिवसांत, या जातीची गणितं. गुरुजींपुढे चार वर्ग एका खोलीत, ते एकटीला किती वेळ देणार? त्यांनी मला निरोप पाठवला होता, की घरी रोज थोडं बघा, नाहीतर ही एवढ्याचसाठी राहील.

आणि घरी बघायचं ते उजेडातच बघायला हवं होतं. रॉकेल रेशनवर होतं. जेवणं होईपर्यंत चिमणी जळायची, मग विझवायची. मी घरी येई तेव्हा अंधारायला लागलेलं असे. मुलगी पाटी घेऊन ओट्यावर बसलेली असायची. मला बघून उठायची, आणि पाटीवरचं दिसेनासं झालेलं असायचं. मी म्हणे, "रविवारी बघू." रविवारी भाताचं काम असे, नाहीतर कुणी आलेलं असे. पुढे पुढे ती उठेनाशी झाली. मला वाटलं, तिला जमायला लागलं असेल. खरंच असं वाटलं, की वाटून घेतलं, हे मी आज सांगू शकत नाही.

भाईला सगळं ठाऊक होतं. त्याने कधी शब्दाने विचारलं नाही. एकदा मात्र पंक्चरचा तुकडा घासता घासता म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्याकडं बसलेल्या तासाचं भाडं लागतं. तुमचं कोण भरतंय?" मी हसलो. तोही हसला, आणि मला बसायला फडकं मारून दिलं.

मळणी उरकली होती. एका संध्याकाळी मी रोजच्याप्रमाणे आलो, सायकल भिंतीला लावली, आत बघितलं तर घड्याळात सात वाजलेले. बायको दाराशी उजेड धरून तांदूळ निवडत बसली होती. मुलगी आत होती.

मी म्हणालो, "घड्याळ पुढे गेलंय."

"पुढं न्हाई गेलं. गुर्जी आलं हुतं. त्यांनीच लावलं."

मग तिने खडे वेचता वेचता शांतपणे सांगितलं. परीक्षेचं केंद्र लोणावळ्याला होतं आणि पेपर नव्या टायमाने व्हायचे होते. पोरीला घोटाळा नको, सवय व्हावी, म्हणून गुरुजींनी घड्याळ नव्या टायमाला लावून दिलं. हिला काही कळेना म्हणून त्यांनी फोड करून सांगितली, की नव्या टायमाने सगळं तासभर आधी सुरू होतं आणि तासभर आधीच सुटतं. परीक्षा, पोस्ट, रेल्वेची कचेरी, सगळं.

"कचेरी किती वाजता सुटली?" तिने विचारलं.

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "साडेपाचला," मी म्हणालो.

तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. मग परत सुपात बघत म्हणाली, "लोनावळं लय लांब गेलं म्हनायचं."

मी पाय धुतले. जेवायला बसलो. ताटात साय होती, रोजच्यासारखी. तिने ती काढून घेतली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला सुरुवात केली, बाकाचं, भाईचं, काही वाईट नाही असं सांगायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी काय वाईट केलं असं मी म्हनतच न्हाई," ती म्हणाली. "माज्या झोपंचंबी काय न्हाई. पन पोरगी पाटी घिऊन बसायची तवा मीच तिला म्हनले, बाबास्नी तरास दिऊ नगं, त्यास्नी येळ न्हाई. मी तिला खोटं सांगितलं. तुमच्यापायी."

आत मुलगी जागी होती आणि तिने हे ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी भाईच्या दुकानावरून सायकल न थांबवता गेलो. त्याने हातातला पाना वर केला आणि पुन्हा कामाला लागला. घरी पोचलो तेव्हा ओट्यावर लख्ख ऊन होतं. मुलीने मला बघितलं आणि ती आधी घाबरली, कुणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. मी म्हणालो, "पाटी आण." ती पाटी आणायला इतकी पळत गेली, की उंबऱ्याला ठेचकाळली.

वाटलं होतं, आठवड्याभरात शिकवून टाकू. पण मला गणित करता येत होतं, शिकवता येत नव्हतं. मी भराभर मांडून उत्तर काढे आणि म्हणे, कळलं? ती मान हलवी आणि पुढच्या गणिताला तिथेच अडे. चारपाच दिवस असे गेले. मग एकदा मी आठ माणसांनी बारा दिवसांत खणलेली विहीर घेतली, आणि तीच विहीर सहा माणसं किती दिवसांत खणतील ते विचारलं.

"बाबा, यातलं कुनी आजारी पडत न्हाई?"

"गणितात पडत नाही."

"पानी प्यायला थांबत्यात का?"

"ते धरायचं नसतं."

"आन त्यास्नी भाकर कोन आनून देतं?"

स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला. "तिला मानसांत धरत न्हाईत, बाई."

मुलगी खुदकन हसली. मीही हसलो, पण पाटीकडे बघून. मग मला सुचलं आणि मी तिला म्हणालो, की विहिरीचा विचार सोड. एका माणसाचं एका दिवसाचं काम तेवढं आधी काढ. भाताच्या आवणीच्या वेळेला आई एका दिवसात किती वाफे लावते, आत्या किती, तसं. ते तिला एकदम उमजलं. शेतात ती स्वतः चिखलात उभी राहिलेली होती, त्यामुळे एका माणसाचा एक दिवस म्हणजे केवढा हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. त्या दिवशी तिने ओळीने पाच गणितं सोडवली आणि सहावं स्वतः तयार करून मला घातलं. मी चुकलो.

एका माणसाचं एका दिवसाचं काम काढायची ही रीत मी मग स्वतःला लावून पाहिली. घरातल्या दिवसात बायकोचं काय, मुलीचं काय आणि माझं काय, असं मनात मांडत सायकल मारत होतो. माझ्या वाट्याचं उत्तर इतकं लहान आलं, की वलवणच्या चढावर मी उतरून चालायला लागलो.

सकाळचा तास बायकोला परत द्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. मी तिच्या आधी उठून चूल पेटवायला गेलो तर घरभर धूर झाला, आणि पांघरुणातून विचारणा झाली, "च्या करताय का घर पेटवताय?" तिला उठावंच लागलं. पण हळूहळू जमलं. लाकडं आदल्या दिवशी संध्याकाळी फोडून कोरडी आत आणून ठेवायची. पाणी मी भरायचं. धार काढायला मी लहानपणी शिकलो होतो, म्हशीला ते आठवत नव्हतं एवढीच अडचण. दुपारसाठी रात्रीची भाकरी आणि चटणी बांधून घ्यायची, म्हणजे सकाळी तव्याचं कामच नाही. कचेरीत पूर्वी मी संध्याकाळच्या पावत्या सकाळी लावत असे. त्या त्याच संध्याकाळी लावल्या की सकाळची धावपळ जाते हेही तेव्हाच लक्षात आलं. ज्या शिस्तीचं कचेरीतली मुलं कौतुक करतात ती ही. एका बाईला तासभर जास्त झोपता यावं, एवढ्यासाठी ती बसवलेली होती.

महिन्याभराने बायकोच म्हणाली, "शनवारी बसत जा की त्या भाईकडं. त्ये बी मानूस वाट बघत असंल." मी म्हणालो, नको. ती म्हणाली, "सांगून बसाया काय झालं?" मग शनिवारी बसायला लागलो. भाईने बाकावर फडकं मारलं आणि म्हणाला, "आज भाडं भरून आलात वाटतं."

शिमगा झाला, परीक्षेचा दिवस आला. पेपर अकराचा. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. अकरा नवे, म्हणजे घरच्या घड्याळात दहा, असा हिशोब मी मनात पक्का केला आणि त्याप्रमाणे सगळ्यांना उठवलं. घाई घाई केली. दहीभात, देवापुढे साखर, मुलगी सायकलच्या मागे बसली, पाटी-दप्तर पोटाशी धरून. रस्ताभर मी तिला गणितं विचारत होतो आणि ती माझ्या पाठीमागून उत्तरं देत होती.

केंद्राच्या फाटकाशी कुणीही नव्हतं. एक शिपाई आवार झाडत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेपर सोडवायला आलाय का छापायला?"

तासभर आधी आलो होतो. घरचं घड्याळ कधीच नव्या टायमाला लागलेलं होतं आणि मी त्यातून आणखी एक तास वजा केला होता. त्या दोन टायमांचा फायदा घेण्यात माझं वर्ष गेलं होतं. सचोटीने हिशोब करायची वेळ आली तेव्हा मीच फसलो. मी कपाळाला हात लावला. मुलगी हसत सुटली. म्हणाली, "बाबा, आपन लवकर जल्मलो."

उन्हात कुठे उभं राहायचं म्हणून तिला भाईच्या दुकानी घेऊन गेलो. त्याने नुकत्याच फळ्या काढल्या होत्या. मुलगी फायनलला बसणार हे ऐकून त्याने बाक दोनदा पुसला आणि शेजारून गुडदाणी आणली. मी दप्तरातून पाटी काढायला लागलो.

"आता नगं, बाबा," ती म्हणाली.

ती बाकावर पाय हलवत बसली. गुडदाणी खात होती. रस्त्याने लष्कराची गाडी गेली, एक बाई करवंदांची टोपली घेऊन गेली, दोन मुंबईकर भाड्याची सायकल धरून कोण आधी पडतो ते बघत होते. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमी हितंच बसायचा?"

मला कळलं, की तिने त्या संध्याकाळी सगळं ऐकलं होतं.

"हो," मी म्हणालो.

"काय करायचा?"

"काही नाही."

तिने इकडेतिकडे पाहिलं, बाकाच्या गुळगुळीत झालेल्या कडेवरून हात फिरवला. "चांगलं हाय की हितं," ती म्हणाली.

एवढंच. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो तास मी तिच्याशेजारी बसून काढला. ज्या बाकावर मी इतके तास चोरून आणले होते, तिथला एक तास उघडपणे, तिच्याबरोबर मिळाला. मग ती उठली, परकर झटकला आणि परीक्षेला गेली.

ती पास झाली. गणितात तिला चांगले मार्क पडले. पुढे पुण्याला ट्रेनिंगला गेली आणि आता पवनेकाठच्या एका शाळेत शिकवते. काळ-काम-वेगाची गणितं घालताना ती विहिरीवर भाकरी घेऊन येणारी एक बाई घालते. ती भागाकारात येत नाही, त्यामुळे उत्तर पुस्तकातलंच निघतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांना काही म्हणता येत नाही.

लढाई संपली आणि सरकारने घड्याळं पुन्हा मागे आणली. त्या संध्याकाळी मी घरी येऊन स्टुलावर चढलो. मुलगी तेव्हा पुण्याला होती, धाकटी पोरं आजोळी गेली होती. बायको खालून बघत होती.

"सरकारने तास परत दिला," मी म्हणालो.

"कुनाला?" तिने विचारलं.

टोले देणाऱ्या घड्याळाचा काटा उलटा फिरवायचा नसतो, यंत्र बिघडतं. ते मागे न्यायचं तर लंबक थांबवून तासभर तसंच ठेवावं लागतं. मी लंबक धरला आणि सोडला नाही. घड्याळ बंद पडलं. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तासाचा अंदाज कसा घ्यायचा, तर पुण्याकडे जाणारी संध्याकाळची गाडी साधारण तेवढ्यात येई. ती गेली की उठून लंबक हलवायचा, असं ठरवून मी ओट्यावर येऊन बसलो. ती भांडी ठेवून आली आणि खांबाला टेकून बसली. करायला काही नव्हतं. लाकडं फोडून झाली होती, पाणी भरलेलं होतं. लोहगडाच्या बाजूला अजून थोडा उजेड होता. ती म्हशीबद्दल काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला आणि बंद झाला. बघितलं, तर खांबाला डोकं लावून तिला झोप लागली होती.

गाडी आली. शिट्टी देऊन गेली. मी उठलो असतो तर खालची फळी वाजली असती आणि तिला जाग आली असती. मी उठलो नाही.

घड्याळ किती वेळ बंद होतं कोण जाणे. नंतर ती आपणहून जागी झाली आणि मी लंबक हलवला. दुसऱ्या दिवशी त्या घड्याळावर विसंबून कचेरीत गेलो, तर साहेब खुर्चीत बसलेले, सगळे कामाला लागलेले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला उशीर झाला तो त्या दिवशी. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, आज सगळ्यांचाच घोटाळा होणार, बसा.

मी बसलो आणि कामाला लागलो.